दार काढलेली हेलिकॉप्टर सफर आणि ईस्ट रिव्हरचा अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की न्यू जर्सीतल्या आपल्या घराघरांत भारतातून आई-बाबा येतात. लिबर्टीचा पुतळा होतो, टाइम्स स्क्वेअर होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "एकदा वरून मॅनहॅटन दाखवू या ना!" तेवढ्यात कुणाला तरी 2018 चा अपघात आठवतो आणि मला मेसेज येतो. मी सह्याद्रीत बरीच वर्षं दोरावर चढाई केलेला माणूस. त्या अपघातात हार्नेसचा, म्हणजे माणसाला बांधून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांचा, विषय होता, म्हणून तपासाचा अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. तेव्हापासून हे प्रश्न माझ्याकडे येतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा इथे एकत्र ठेवतो आहे. सुरुवातीचे प्रश्न अपघाताबद्दल आहेत, नंतरचे तुमच्या-आमच्या सफरीबद्दल.

1. 11 मार्च 2018 ला नेमकं काय झालं होतं?

रविवार होता. त्याच पहाटे अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे सरकली होती, त्यामुळे सूर्य सातच्या सुमारास मावळला. न्यू जर्सीतल्या कर्नी इथल्या हेलिपोर्टवरून एक हेलिकॉप्टर पाच प्रवाशांना घेऊन संध्याकाळच्या उजेडात मॅनहॅटनचे फोटो काढायला निघालं. फोटो नीट यावेत म्हणून दारं उघडी होती. सेंट्रल पार्कच्या बाजूला, साधारण 2,000 फुटांवर असताना इंजिन बंद पडलं. पार्कात माणसं असतील म्हणून पायलटने तिथे उतरायचा विचार सोडला आणि ईस्ट रिव्हर गाठली. सात वाजून आठ मिनिटांच्या सुमारास त्याने ते पाण्यावर टेकवलं. टेकवलं, आपटलं नाही. तरीही काही सेकंदांत ते उजव्या बाजूला कलंडून उलटं झालं. पायलट बाहेर पडला. पाचही प्रवासी हार्नेसमध्ये अडकून बुडाले.

2. हेलिकॉप्टर फारच लहान होतं, म्हणून झालं का?

नाही. ते एअरबसचं एएस-350 बी-2 होतं, पायलट धरून सहा माणसांचं. एकच टर्बाइन इंजिन, तीन पात्यांचा मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरचा फिरता पंखा. जगभर सफरींना, पोलिसांना, डोंगरातल्या बचावकार्याला याच जातीची हेलिकॉप्टरं वापरतात. या घटनेत दोष हेलिकॉप्टरच्या आकाराचा नव्हता. त्यात माणसांना ज्या पद्धतीने बांधलं होतं, तिथे घात झाला.

3. इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं ना?

हा गैरसमज सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोकणात किंवा घाटात उन्हाळ्यात उक्षीची सुकलेली फळं हवेत उडवून पाहिली असतील, तर ती गरगरत हळूहळू खाली येतात हे तुम्हाला माहीत आहे. हेलिकॉप्टरची पाती तसंच काम करतात. इंजिन थांबल्याबरोबर पायलट डाव्या हातातला दांडा खाली करतो आणि पात्यांचा कोन कमी करतो. मग खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमिनीजवळ आल्यावर फिरणाऱ्या पात्यांत साठलेली ताकद वापरून उतरणं हळू करायचं. ती ताकद एकदाच वापरता येते, दुसरी संधी नसते.

प्रत्येक हेलिकॉप्टर पायलट याचा सराव करतो. अट इतकीच, की हाताशी उंची किंवा वेग यांपैकी एक तरी हवं. जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर जागच्या जागी घोंगावत असताना इंजिन गेलं तर वाचणं अवघड. त्या संध्याकाळी उंची होती, आणि पायलटने ऑटोरोटेशन व्यवस्थित केलं.

4. मग इंजिन बंद कशामुळे पडलं? बॅगेचा पट्टा अडकला असं तेव्हा बातम्यांत होतं.

पहिल्या एक-दोन दिवसांत तसं आलं होतं. तपासात निघालं ते वेगळं.

या हेलिकॉप्टरमध्ये पायलट उजवीकडे बसतो. त्याच्या डाव्या हाताशी, पुढच्या दोन सीटांच्या मध्ये जमिनीवर काही दांडे असतात. त्यातला एक आणीबाणीत इंजिनाचं इंधन तोडण्यासाठीचा. पुढच्या सीटवरचा प्रवासी दाराकडे तोंड करून, पाय बाहेर सोडून बसला होता, कारण सफरच तशी विकली जात होती. त्याच्या हार्नेसला पाठीमागे एक पट्टा जोडलेला होता आणि त्याचं दुसरं टोक हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला. फोटोसाठी तो मागे रेलला की पट्टा सैल होऊन खाली लोंबायचा. असाच एकदा तो इंधनाच्या दांड्याखाली गेला. प्रवासी सरळ बसला, पट्टा ताणला गेला, दांडा ओढला गेला आणि इंजिनाचं इंधन तुटलं.

पायलटला हे तेव्हा कळलं नाही. पाण्यावर उतरण्याआधी नियमाप्रमाणे इंधन बंद करायला त्याने हात खाली नेला, तर दांडा आधीच बंदच्या जागी होता आणि त्याखाली पट्टा. त्याने दांडा पुन्हा चालू केला. इंजिन पेट घेऊ लागलं, पण तोवर उंची तीनशे फुटांच्या आसपास राहिली होती. अर्धवट सुरू झालेल्या इंजिनाच्या भरवशावर राहणं धोक्याचं, म्हणून त्याने ते परत बंद करून उतरणं पूर्ण केलं. अहवालातला हा परिच्छेद वाचताना मला पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जावं लागलं होतं.

5. तरंगायला फुगे होते ना? मग उलटलं कसं?

होते. खालच्या स्किडवर, म्हणजे हेलिकॉप्टर ज्यांवर टेकतं त्या आडव्या दांड्यांवर, घडी घालून बसवलेले, पायलटने दांडा ओढला की दाबाखालच्या वायूने फुगणारे. ते फुगलेही, पण अर्धवट आणि असमान: उजव्या बाजूचे कमी. हेलिकॉप्टरचं इंजिन, गिअरबॉक्स, रोटर असं सगळं जड सामान डोक्यावर असतं. एका बाजूचे फुगे कमी पडले की ते त्याच बाजूला कलंडणार. फुगे दोन्ही बाजूंना सारखे फुगले असते तर काय झालं असतं, याचा विचार वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो. कदाचित माणसांना सोडवायला वेळ मिळाला असता. फुगे असमान फुगून हेलिकॉप्टर झटकन उलटलं, हे मृत्यूंमागचं एक कारण म्हणून अहवालात नोंदलेलं आहे.

6. सगळे पट्टा बांधून होते. बांधलेला पट्टा माणसाला वाचवतो, मग इथे उलटं कसं झालं?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

पट्टे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची कामं एकमेकांच्या विरुद्ध असतात. कड्यावर चढताना किंवा इमारतीच्या परांचीवर काम करताना जो हार्नेस घालतो, त्याचं काम एकच: काहीही झालं तरी माणसाला सोडायचं नाही. म्हणून त्याचा कॅरॅबिनर (दोर अडकवायची, उघडझाप होणारी धातूची कडी) आपोआप उघडणार नाही असा, स्क्रूने बंद होणारा. पडण्याच्या वेळी माणूस सरळ लटकावा म्हणून बांधकामावरच्या हार्नेसची कडी पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये. वाहनातल्या पट्ट्याचं काम दुहेरी आहे. धक्का बसताना धरून ठेवायचं आणि धक्का संपल्यावर एका हाताच्या एका हालचालीत सोडायचं.

त्या हेलिकॉप्टरमध्ये प्रवाशांना बांधकामावर वापरतात तसले हार्नेस घातले होते. पट्टा पाठीवरच्या कडीला, लॉक होणाऱ्या कॅरॅबिनरने. उड्डाण संपल्यावर कंपनीचा माणूस येऊन मागून तो सोडवायचा. म्हणजे प्रवाशाला स्वतःला सुटण्याची सोय व्यवहारात नव्हतीच. पायलटला फक्त हेलिकॉप्टरचा नेहमीचा पट्टा होता. तो त्याने उघडला आणि तो वाचला.

अहवाल वाचल्यावर मी घरी करून पाहिलं. जुना पूर्ण अंगाचा हार्नेस घातला, पाठीच्या कडीत स्क्रूचा कॅरॅबिनर अडकवला, दोर खिडकीच्या गजाला बांधला आणि डोळे मिटले. बायको घड्याळ घेऊन बसली. बोटं कॅरॅबिनरपर्यंत पोचत होती, पण स्क्रू फिरवायला दोन बोटांची पकड लागते आणि खांदा तेवढा मागे वळत नाही. शिवाय दोरावर थोडा जरी ताण असला तरी स्क्रू सुटला तरी कॅरॅबिनर निघत नाही. मिनिट झालं तेव्हा मी थांबलो. कोरड्या खोलीत, सरळ बसून, आयुष्यभर ही अवजारं हाताळलेल्या माणसाला ते जमलं नाही. ते पाच जण उलटे होते आणि मार्चमधल्या गार पाण्यात होते.

7. पट्टा कापायला अवजार दिलं होतं ना?

हो, हार्नेसवर कापायचं छोटं अवजार होतं आणि उड्डाणाआधीच्या व्हिडिओत त्याचा उल्लेखही होता. पण ते हातात घेऊन कापून पाहण्याचा सराव कुणाला दिलेला नव्हता. पाठीमागचा पट्टा कापायचा कसा, याचं उत्तर प्रश्न 6 मध्येच आहे. पाणबुडे पोचले तेव्हा प्रवाशांना हार्नेस कापूनच बाहेर काढावं लागलं.

8. चूक पायलटची की पुढच्या प्रवाशाची?

प्रवाशाची मुळीच नाही, हे मी दरवेळी ठणकावून सांगतो. पाय बाहेर सोडून फोटो काढणं हीच सफरीची जाहिरात होती. आपल्या पाठीमागचा पट्टा कुठल्या दांड्याखाली जातो हे पाहणं त्याचं काम नव्हतं.

एनटीएसबी, म्हणजे अमेरिकेचं वाहतूक अपघात तपास मंडळ, त्याने डिसेंबर 2019 मध्ये अंतिम निष्कर्ष दिला. मुख्य कारण: हेलिकॉप्टर उडवणाऱ्या लिबर्टी हेलिकॉप्टर्सने, सफर विकणाऱ्या न्यॉनएअर या कंपनीने पुरवलेली हार्नेस आणि पट्ट्याची व्यवस्था वापरली, ती दांड्यात अडकली आणि इंजिन बंद पडलं. सोबतची कारणं: दोन्ही कंपन्यांचं सुरक्षेचं ढिसाळ व्यवस्थापन, उड्डाणाचे निर्णय ज्या कंपनीने घ्यायचे तिने दुसऱ्या कंपनीचा प्रभाव त्यावर पडू देणं, आणि एफएए या सरकारी हवाई नियामकाची अपुरी देखरेख. या पट्ट्यामुळे माणसं अडकू शकतात आणि तो दांड्यांत गुंतू शकतो हा धोका आधीच दिसण्यासारखा होता, असं अहवाल म्हणतो.

एका प्रवाशाच्या कुटुंबाने दावा लावला. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने 11 कोटी 60 लाख डॉलरची भरपाई ठरवली.

9. असली उड्डाणं कायद्यात बसत होती?

पळवाटेतून बसवली होती. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांसाठी अमेरिकेत "भाग 135" हे कडक नियम आहेत: प्रशिक्षण, देखभाल, कामाचे तास, सगळ्यावर नजर. "भाग 91" हे सर्वसाधारण उड्डाणाचे नियम, खूप सैल. हवाई छायाचित्रणाला 135 मधून सूट आहे. ती सूट नकाशे काढणारे, शूटिंग करणारे व्यावसायिक यांच्यासाठी. फोनने सेल्फी काढणाऱ्या पर्यटकांची सफर त्याच नावाखाली चालवली जात होती. उडालेल्या जागेपासून 25 मैलांच्या आत फिरवून परत आणणाऱ्या पर्यटन-उड्डाणांनाही वेगळी सूट आहे, तिथे एफएएचं अधिकारपत्र लागतं.

तिकीट काढताना म्हणूनच विचारा, "हे उड्डाण 135 खाली आहे की 91 खाली?" साधं उत्तर आलं तर उत्तम. उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा.

10. आता दार काढलेल्या सफरी बंद झाल्या का?

पूर्ण बंद नाहीत. अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आतच एफएएने तातडीचा आदेश काढला: पैसे घेऊन होणाऱ्या, दारं उघडी ठेवलेल्या उड्डाणांत जादा हार्नेस वापरायचा असेल तर त्याला एफएएची मान्यता हवी. तो हार्नेस प्रवाशाला स्वतःला चटकन सोडता यायला हवा. असं उड्डाण करायचंच असेल तर जमिनीवर, डोळे मिटून, एका हाताने तो सोडून दाखवा. जमलं नाही तर चढू नका, पैसे गेले तरी चालतील. माझं स्वतःचं मत: पाण्यावरून जायचं असेल तर दारं लावलेली सफरच घ्या. काचेतूनही फोटो चांगले येतात. गडद कपडे घाला, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही.

11. 2025 मध्ये हडसन नदीत पडलं ते हेच का?

नाही. ते 10 एप्रिल 2025 चं, बेल 206 जातीचं. हवेतच रोटर आणि शेपटी धडापासून वेगळी झाली आणि ते जर्सी सिटीच्या किनाऱ्याजवळ पडलं. पायलट आणि स्पेनहून आलेलं पाच जणांचं कुटुंब, त्यात तीन मुलं, सहाही गेले. तिथे पट्ट्याचा प्रश्नच नव्हता. याच हडसनवर 8 ऑगस्ट 2009 ला एक सफरीचं हेलिकॉप्टर आणि एक छोटं खासगी विमान यांची टक्कर होऊन नऊ जण गेले होते. त्यानंतर नदीवरच्या वाहतुकीसाठी वेगळे नियम आले. तिन्ही घटनांची कारणं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

12. थोडक्यात सांगा: आई-बाबांना न्यावं की नाही?

हे माझं मत, आदेश नाही. दारं लावलेली, भाग 135 खालची किंवा अधिकारपत्र असलेली, फुगे असलेली, स्वच्छ हवेतली दिवसाची सफर असेल तर मी माझ्या आईला नेईन. नेलंही होतं. आधी तिला दारात बसवून पट्टा स्वतः उघडायला लावला. पहिल्यांदा तिने गाडीच्या पट्ट्यासारखं लाल बटण शोधलं. हेलिकॉप्टरात बहुतेक वेळा बटण नसतं, धातूची पट्टी उचलायची असते किंवा चकती फिरवायची असते. घाबरलेला माणूस सवयीचीच हालचाल करतो. म्हणून कर्मचारी उघडून दाखवतील त्यावर समाधान मानू नका. आई-बाबांच्या हातांनी तीनदा उघडून घ्या.

13. साडी चालेल का? आणि वजन का विचारतात, बाबांना अवघडल्यासारखं होतं.

साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, तोही ओढणी घरी ठेवून. पाती फिरत असताना खाली जोराचा वारा असतो. पदर, ओढणी, टोपी, मफलर, काहीही उडू शकतं, आणि उडालेली वस्तू पकडायला माणूस नकळत धावतो. हेलिकॉप्टरकडे नेहमी समोरून, पायलटला दिसेल असं जा. शेपटीकडे कधीही नाही: तिथला छोटा पंखा फिरताना डोळ्यांना दिसतच नाही.

वजनाबद्दल: लहान हेलिकॉप्टरात माणूस कुठे बसतो यावर तोल ठरतो. खरं वजन सांगा, दोन-चार किलो कमी करून सांगू नका. जागा त्यावरून वाटतात, म्हणून नवरा-बायकोला वेगळं बसवलं तरी हट्ट करू नका.

14. दीड वर्षाचं बाळ मांडीवर चालतं म्हणाले. खरंच चालतं?

अमेरिकेच्या नियमांत दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेता येतं. नियमात बसतं एवढंच. धक्का बसला तर मूल हातात धरून ठेवणं कुणालाही शक्य नाही. बाळाला आजीजवळ ठेवा आणि दोन फेऱ्यांत जा.

15. पाण्यात उतरायची वेळ आलीच तर काय करायचं?

समुद्रावरच्या तेलविहिरींवर जाणाऱ्या कामगारांना, आपल्या बॉम्बे हायवर जाणाऱ्यांनासुद्धा, हे तलावात बसवून शिकवतात. त्याचं सार असं. बसल्याबरोबर दार कुठे आहे, त्याची कडी कशी उघडते ते बघा आणि दाराची चौकट एका हाताने शोधून ठेवा. उतरताना पट्टा घट्ट ठेवा. उलटं झालं तर लगेच पट्टा सोडू नका. पाणी आत येऊन हालचाल थांबेपर्यंत एका हाताने चौकट धरून बसा. उलटं झाल्यावर वर-खाली कळत नाही, पण धरलेली चौकट जागेवरच असते. मग दुसऱ्या हाताने पट्टा सोडा आणि चौकटीच्या आधाराने स्वतःला बाहेर ओढा. पाय झाडू नका, मागच्याला लागतात.

कमरेला दिलेलं जीवरक्षक जॅकेट आत असताना कधीही फुगवू नका. फुगलं की ते तुम्हाला वरच्या बाजूला, म्हणजे उलट्या हेलिकॉप्टरच्या जमिनीवर दाबून धरतं आणि दारातून निघता येत नाही. बाहेर पडल्यावर दोरी ओढा. पोहता येत नसलेल्या आई-बाबांना हे आदल्या दिवशी घरी खुर्चीवर बसवून सांगा.

16. मित्राकडे लायसन्स आहे. तो म्हणतो पेट्रोल वाटून घेऊ आणि रविवारी फिरून येऊ. जावं का?

इथे कंपनी नाही, तिकीट नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. अमेरिकेत खासगी लायसन्स असलेला पायलट खर्च समान वाटून घेऊ शकतो, नफा घेऊ शकत नाही. त्याला विचारायचे प्रश्न सरळ आहेत. गेल्या नव्वद दिवसांत प्रवासी नेण्यापुरती उड्डाणं आणि उतरणं झाली आहेत का? दोन वर्षांच्या आत प्रशिक्षकाबरोबर तपासणी झाली आहे का? याच जातीच्या हेलिकॉप्टरवर किती तास? रॉबिन्सन आर-22 किंवा आर-44 असेल तर अमेरिकेत त्यासाठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं आहे. दोन पात्यांच्या या रोटरमध्ये उड्डाणात झटक्याने वजन हलकं झालं आणि पायलटने चुकीची प्रतिक्रिया दिली तर रोटरचा मधला भाग खांबाला आपटून तुटू शकतो.

प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल तर स्कॉटलंडची घटना आठवा. 15 सप्टेंबर 2007 ला लॅनार्कजवळ जागतिक रॅली विजेता कॉलिन मॅकरे स्वतःचं हेलिकॉप्टर उडवत घरी येत होता. तेही एएस-350 बी-2 च, प्रश्न 2 मधल्याच जातीचं. बरोबर एक मित्र आणि दोन लहान मुलं. झाडीच्या दरीत, कमी उंचीवर आणि जास्त वेगाने जाताना ते कोसळलं, चौघेही गेले. नेमकं कारण ब्रिटिश तपासयंत्रणेला ठामपणे ठरवता आलं नाही, पण कमी उंचीवर वळण घेताना हेलिकॉप्टर हवं तिथून भरकटलं असण्याची शक्यता जास्त, असा निष्कर्ष आहे. आणि हेही, की त्याचं लायसन्स आणि त्या जातीसाठीची परवानगी दोन्ही संपलेली होती, त्यामुळे ते उड्डाण त्याने करायलाच नको होतं. कौशल्यात तो कमी होता असं कुणीच म्हणणार नाही. मित्राला कागद दाखव म्हणणं हा अपमान नाही. आणि "जरा खालून घे ना, घर दिसेल" असं तुम्हीही कधी म्हणू नका.

17. भारतात जॉयराइडचं काय? आणि केदारनाथचं?

भारतात पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर कंपनीकडे डीजीसीए या भारताच्या हवाई नियामकाचा परवाना लागतो. खासगी नोंदणीच्या हेलिकॉप्टरने भाडं घेता येत नाही. महाबळेश्वरला किंवा जत्रेत कुणी पाच मिनिटांची चक्कर विकत असेल तर कंपनीचं नाव विचारा. 11 डिसेंबर 2016 ला मुंबईत जुहूहून जॉयराइडला निघालेलं रॉबिन्सन आर-44 आरे कॉलनीत कोसळलं होतं, हे मुंबईकरांना आठवत असेल.

केदारनाथ ही सफर नव्हे, यात्रा आहे, पण प्रश्न इतक्यांदा येतो म्हणून इथे. तिथे धोका प्रामुख्याने हवामानाचा: अरुंद दरी, मिनिटांत भरून येणारे ढग. 15 जून 2025 ला गौरीकुंडजवळ पहाटे बेल 407 पडलं आणि सात जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं जोडपं आणि त्यांची लहानगी मुलगी होती. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी जा, किंवा घोड्याने, पालखीने, पायी जा.

18. हवा खराब आहे, पण पैसे परत मिळणार नाहीत म्हणतात. काय करू?

पैसे सोडा. आणि बुक करतानाच विचारा: हवेमुळे रद्द झालं तर तारीख बदलून मिळते का? जी कंपनी तारीख बदलायला तयार नसते तिच्या पायलटवरही उडण्याचा तोच दबाव असणार. पायलट स्वतः "आज नको" म्हणाला तर त्याचे आभार माना, वाद घालू नका.

19. आयुर्विमा किंवा ट्रॅव्हल इन्शुरन्स यात पैसे देतो का?

पॉलिसीचं कलम वाचल्याशिवाय हो म्हणू नका. अपघाती मृत्यूच्या जोड-पॉलिसीत हवाई प्रवासाचं वेगळं कलम बहुधा असतं: कुठे कुठल्याही परवानाधारक विमानातला प्रवासी चालतो, कुठे फक्त नियमित वेळापत्रकाचं विमान. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये साहसी प्रकार वगळलेले असतात आणि दार काढलेलं उड्डाण त्यात मोडू शकतं. प्रश्न 16 मधली मित्राबरोबरची चक्कर आणि कंपनीची सफर यांना वेगवेगळे नियम लागू शकतात. विमा कंपनीला ईमेल पाठवा, उत्तर लेखी घ्या आणि ते भारतातल्या घरच्यांनाही पाठवून ठेवा.